"किती पटकन रुळली गं पोरगी!"

आमची लेक सव्वाचार वर्षांची असताना महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून दत्तक म्हणून आमच्याकडे न्यू जर्सीला आली, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. कारा (दत्तकाचं काम बघणारी भारतातली सरकारी संस्था), होम स्टडी (सोशल वर्करने केलेली आमची नि घराची तपासणी), एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, दत्तकाची ऑर्डर, पासपोर्ट, व्हिसा, यात जीव मेटाकुटीला येतो हे खरंच, पण त्याबद्दल सांगणारे भरपूर भेटतात. पोरगी घरात आल्यावर काय होतं ते मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

आयएच-३ व्हिसावर (दत्तक तिकडेच पूर्ण झालेल्या मुलांचा व्हिसा) आलेलं मूल इथे पाऊल ठेवलं की कायद्याने लगेच अमेरिकेचं नागरिक होतं. आमची व्हायला तिला खूप जास्त वेळ लागला.

पहिल्याच वीकेंडला मित्रमंडळी आली आणि ही ज्याच्या त्याच्या मांडीवर. कुणाच्याही हातून खातेय, एका काकांना तर "मला घरी नेणार का?" म्हणाली. सगळे खूश, "किती पटकन रुळली गं!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. होम स्टडी केलेल्या सोशल वर्कर बाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं तर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, तिला लागलं तर ती रडत कुणाकडे जाते? मी आठवून बघितलं. कुणाकडेच नाही. गुडघा फुटला तरी उठून फ्रॉक झटकायची आणि खेळायला लागायची.

संस्थेत सांभाळणाऱ्या मावश्या बदलत राहतात, ड्युटी संपली की एक जाते दुसरी येते, त्यामुळे समोर येईल त्या मोठ्या माणसाशी गोड वागायचं हे ती शिकली होती. मलाही मावशीच म्हणायची. मग आम्ही ठरवलं की काही महिने खाऊ घालणं, आंघोळ, उचलून घेणं, झोपवणं फक्त आम्ही दोघंच करणार. नवऱ्याची आणि माझी फॅमिली लीव्ह एकापाठोपाठ एक घेतली. सासूबाई यायच्या होत्या त्यांनाही थोडं थांबा म्हटलं, त्या दुखावल्या, अजून कधीतरी बोलून दाखवतात. पण तेव्हा ते गरजेचं होतं, मी आजही तेच करेन.

मराठी घर असल्याने भाषेचा प्रश्न आला नाही, ही फार मोठी गोष्ट. वरणभात, बादलीतली आंघोळ (टबला घाबरायची) हे आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं. तिची वेगळी खोली सजवली होती ती मात्र तशीच राहिली, कारण सतत मुलांच्या घोळक्यात झोपलेल्या पोरीला तिथली शांतताच सहन होईना. आमच्या खोलीत खाली गादी घातली, माझा हात तिच्या अंगावर. उशीखाली रोज अर्धी पोळी सापडायची. ओरडलो नाही, उशाशी एक छोटा स्टीलचा डबा ठेवला, त्यात दोन राजगिऱ्याचे लाडू, कधीही उघड म्हटलं. रात्री झाकण उघडल्याचा आवाज यायचा, नुसतं बघून परत लावायची.

सगळ्यात वाईट दिवस पहिल्या फॉलो-अप भेटीचा. मूल कसं आहे याचा पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी काराला रिपोर्ट जातो, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, त्यासाठी सोशल वर्कर बाई घरी आल्या. हातात फाईल. ही आत गेली, बूट घातले, तो डबा पोटाशी धरला आणि दाराशी येऊन उभी राहिली. रडली नाही, काही विचारलं नाही. संस्थेत फाईलवाल्या मॅडम आल्या की कुणीतरी मूल जायचं, तेवढंच तिला माहीत. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिचे बूट काढले, बोलायला शब्दच फुटेना. बाई पुढच्या वेळेपासून फाईल गाडीत ठेवून यायला लागल्या आणि आम्ही आठवडाभर आधीपासून रोज सांगायचो, त्या येणार, चहा पिणार आणि त्या एकट्याच जाणार.

तिला जेटलॅग, सर्दी, शाळेतलं इंग्लिश, यातलं काहीच फारसं जड गेलं नाही.

गेल्या गणपतीत मंडळात तेच काका भेटले, त्यांनी हात पुढे केले तर ही माझ्या मागे लपली, साडीचा पदर तोंडावर घेऊन. काका म्हणाले, "अगं, आधी किती पटकन यायची, आता लाजायला लागली वाटतं!" मी फक्त हसले. पदर तिने आरती संपेपर्यंत सोडला नाही.