दार्जिलिंगला गेलो, पण पिल्लू काही दिसलं नाही

दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला गेलो होतो. मी, नवरा, आई आणि आमची सात वर्षांची चिऊ. चिऊने मोबाईलवर रेड पांडाच्या पिल्लांचे इतके रील्स बघितलेत की टायगर हिल, टॉय ट्रेन वगैरे तिच्या लेखी सगळा टाइमपास, पिल्लू दाखवा बास. हॉटेलवाल्याने छातीठोकपणे "हां हां, खुला है" सांगितलं, गेलो तर गेट बंद. गुरुवार! झू गुरुवारी बंद असतं. चिऊ रडली, आणि खरं सांगायचं तर हे मीच आधी बघायला हवं होतं.

शुक्रवारी परत. पद्मजा नायडू झू १९५८ चं, साधारण सात हजार फुटांवर, त्यामुळे गेटपासून जो चढ सुरू होतो तो संपतच नाही, आईचे गुडघे बोलायला लागले. वाघ आणि अस्वल मी बहुतेक धापा टाकतच बघितले.

आणि मग तो. झाडाच्या बेचक्यात, शेपूट नाकावर ओढून झोपलेला. आई म्हणाली, "हा कसला गं पांडा, ही तर लाल मांजर!" दहा मिनिटांनी उठला, खाली आला, बांबूची काडी एका पंजात धरली आणि तोंडाच्या कडेने एकेक पान ओढून खायला लागला, अगदी आपण कढीपत्ता निवडतो तसा. त्याच्या मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालेलं असतं म्हणे, म्हणून ती पकड. मागे एक ग्रुप शिट्ट्या मारत होता, त्यांना काय बोलायचं आता.

चिऊने तिथल्या एका काकांना विचारलं, "बच्चा किधर है?" ते हसले. म्हणाले, बच्चे जून-जुलैत होतात, डोळे मिटलेले असतात, तीनेक महिने घरट्यातच. आईला डिस्टर्ब झालं की ती पिल्लाला तोंडात धरून जागा बदलत बसते, म्हणून ब्रीडिंगचं सेंटर वेगळंच, तोपकेदारा नावाच्या ठिकाणी, तिकडे पब्लिकला नो एंट्री. रील्समुळे मला वाटलेलं झू म्हणजे पिल्लं दाखवायचीच जागा!

इथल्याच स्वीटी आणि मिनी या दोन माद्यांना २००३ मध्ये रेडिओ कॉलर लावून सिंगालीलाच्या जंगलात सोडलं होतं, म्हणजे आपले ट्रेकवाले संदकफूला जातात ना, तिथेच. मिनीला शिकारी जनावराने मारलं. स्वीटीला मात्र जंगलातच पिल्लू झालं. चिऊला मी फक्त स्वीटीचं सांगितलं.

"मग ते पिल्लू कोणी बघितलं?" हा प्रश्न मोमो खाताना पण चालूच.

शेवटी समजूत काढायला बाहेरच्या दुकानात शिरलो, म्हटलं निदान खेळण्यातला तरी घेऊ. सगळे काळे-पांढरे पांडे!