कुपन, बिल्ला आणि तर्रीचा डाग

नागपुरात अधिवेशन म्हटलं की डिसेंबर, मोर्चे आणि बंद रस्तेच आधी डोळ्यांपुढे येतात. हा लेख त्या अधिवेशनाबद्दल नाही. प्रवासी मंडळांचीही वार्षिक अधिवेशनं भरतात. दोन दिवस सभागृहात, तिसऱ्या दिवशी बसमध्ये. अर्धी सभा, अर्धी सहल. म्हणूनच त्याची स्क्रॅपबुक नुसत्या सहलीच्या अल्बमसारखी होत नाही, होऊही नये. रामटेकच्या गडमंदिरावरून दिसणारा सूर्यास्त शंभर जणांनी टिपलेला असतो आणि ग्रुपवर तो शंभर वेळा येऊन पडतो. आपल्या वाट्याचं अधिवेशन उरतं ते शबनमच्या तळाशी. गळ्यातला बिल्ला, जेवणाचं कुपन, खोली नंबर लिहिलेली चिठ्ठी, रामटेकच्या बसमधला आसन क्रमांक, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर कोणीतरी काढून दिलेला रस्ता.

पंचाईत अशी की हे सगळे कागद छापणाऱ्याने चार तासांच्या कामापुरते छापलेले असतात. कागद हलका, शाई हलकी, कापणी वेडीवाकडी. फोटो पुन्हा छापता येतो. कुपन येत नाही. तेव्हा या वहीचं खरं काम सजावटीचं नसून फडतूस कागद जगवण्याचं आहे. वॉशी टेप (नक्षीदार कागदी चिकटपट्टी) आणि चमकीची फुलं नंतर लावता येतात. नाही लावली तरी चालतं.

सुरुवात थर्मल कागदापासून करावी, कारण त्याच्या हाती वेळ सगळ्यांत कमी. हॉटेलचं बिल, टोलची पावती, मेट्रोचं क्यूआरवालं तिकीट, विमानाचा बोर्डिंग पास, हे बहुधा त्याच गुळगुळीत कागदावर निघतं. कोपऱ्यावर नख जोरात घासा. काळी रेघ उमटली तर थर्मल. यात शाई नसतेच. कागदावरच्या थरात बिनरंगाचं रंगद्रव्य आणि आम्लधर्मी पदार्थ शेजारी शेजारी असतात, यंत्राच्या उष्णतेने ते एकत्र येतात आणि अक्षर काळं होतं. म्हणून याला मरणंही दोन प्रकारची. ऊन, तेलकट बोटं, डिंकातली द्रावणं आणि पीव्हीसीच्या पाकिटात प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य, यांनी अक्षरं उडतात. उलट उष्णता लागली तर अख्खा कागदच काळा पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेली पावती काळवंडते ती यामुळेच. आणि ‘कायमचं टिकावं’ म्हणून तिकिटाला गरम लॅमिनेशन करायला नेणाऱ्यांच्या हाती काळं कुळकुळीत प्लास्टिक येतं. साधा उपाय म्हणजे घरी पोहोचल्यावर आठवडाभरात झेरॉक्स. झेरॉक्समधला टोनर म्हणजे काजळी आणि प्लास्टिकची पूड, ती चांगल्या कागदावर दीर्घकाळ टिकते. वहीत झेरॉक्स चिकटवा, मूळ पावती साध्या कागदी पाकिटात घालून शेवटच्या पानाला ठेवा.

एवढा आटापिटा कशाला, असं वाटलं तर नागपूर–नागभीड नॅरोगेजचं तिकीट आठवावं. गाडी रोजची होती तोवर ते तिकीट फलाटावरच फेकलं जायचं. २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली. आता बाहेरगावचे पाहुणे मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन इंजिन बघतात, आणि ज्याच्या वहीत त्या गाडीचं तिकीट निघतं त्याच्याभोवती घोळका जमतो.

नागपूरच्या अधिवेशनातलं नाश्त्याचं कुपन तर्रीच्या, म्हणजे पोह्यांवरच्या तेलकट लाल रश्श्याच्या, डागाशिवाय सापडणं कठीण. हा डाग घालवायचा नाही, तीच तर आठवण आहे. थांबवायचं आहे ते तेल. नीट पाहिलं तर डागाच्या मधोमध लाल-भगवा ठिपका असतो आणि त्याभोवती फिकट पिवळं वलय. ठिपका जागचा हलत नाही, वलय हलतं. तेल कागदाच्या तंतूंतून हळूहळू पुढे सरकतं, समोरच्या पानाला लागतं, आणि काही महिन्यांनी तिथल्या फोटोखालचा कागद तेलकट आरपार दिसू लागतो. कुपन टिश्यूपेपरवर ठेवून दोन्ही बाजूंनी कॉर्नफ्लॉरचा पातळ थर पसरावा, वर पुन्हा टिश्यू आणि एक जाड पुस्तक. सकाळी मऊ ब्रशने पूड झटकावी. पूड पिवळट निघायची थांबेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन रात्री, हेच करावं. इस्त्री फिरवू नये, उष्णतेने तेल पातळ होऊन आणखी पसरतं. साबणपाण्याचा तर विचारही नको. मग कुपन पॉलिप्रॉपिलीनच्या (पीव्हीसीच्या नव्हे) पारदर्शक पाकिटात घालून ते पाकीट पानाला लावावं. मिरचीचा लाल रंग उजेडात फिका पडतो, म्हणून हे पान उघडं मांडून ठेवण्यातलं नव्हे.

आता ऋतू. चिकटवण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावं. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते हे खरं, पण ती घराबाहेर. घरात कूलर चालू असतो आणि कूलर म्हणजे ओल्या गवतातून ओढलेली दमट हवा. त्या हवेत कागद ओलावा पिऊन फुगतो, फुगलेल्या कागदावर आपण फोटो चिकटवतो, पुढे कागद सुकून आकसतो आणि फोटो आकसत नाही. पान पन्हाळीसारखं वळतं. शिवाय कूलरच्या झोताने कापून ठेवलेले मथळे सोफ्याखाली जातात ते वेगळंच. पावसाळ्यात तर बुरशीचीच भीती. मे महिन्यात अधिवेशन झालं तर सगळं खाकी पाकिटात तारीखवार लावून ठेवा आणि दिवाळीनंतर बसा. फक्त झेरॉक्स आणि समूहफोटोतली नावं लगेच, बाकी थांबेल.

पानांसाठी २०० ते २२० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला कागद घ्यावा. तो नसेल तर खादी भांडारातला सुती हातकागद चांगला. काळ्या पानांवर फोटो उठून दिसतात, पण हलक्या काळ्या कागदाचा रंग ओलाव्याने फोटोच्या पांढऱ्या कडेला लागतो. ओल्या कापसाने कोपरा पुसून आधीच तपासा. वर्तमानपत्रातलं कात्रण थेट लावू नका. न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते स्वतः पिवळं पडतं आणि शेजाऱ्यालाही पाडतं. त्याचीही झेरॉक्सच.

चिकटवण्याच्या बाबतीत आपल्याकडे सढळ हाताची परंपरा आहे. फेविकॉल लाकडाला उत्तम, पण त्यात पाणी असतं आणि पाण्याने पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. सेलोटेपने आज काम भागतं, काही वर्षांनी तो पिवळा पडून पट्टी गळून जाते आणि चिकट डाग तेवढा मागे राहतो. जुने बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालत ते कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नये. कागदासाठी ग्लू स्टिक, तीही कडेने नव्हे तर मधून कडेकडे फिरवत. फोटोला मात्र काहीच न चिकटवणं सर्वांत चांगलं. त्याला कोपरे करावेत. ४ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. वरच्या लांब कडेचा मध्य धरून दोन्ही टोकं खाली मधोमध आणून दुमडा, की त्रिकोण होतो. दुमडलेली बाजू पानाकडे ठेवून तेवढीच चिकटवा आणि फोटोचा कोपरा त्या खिशात सरकवा. असे चार. फोटो कधीही काढता येतो, मागे काय लिहिलंय ते बघता येतं.

फोटो निवडताना हात आखडता घ्यावा, दिवसाला बारा-पंधरा पुरेत. ४ × ६ इंचाला १२०० × १८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो एवढ्यात कसाबसा निभावतो. ८ × १२ चा समूहफोटो त्यातून काढायला गेलात तर मागच्या रांगेतले सगळे एकाच तोंडवळ्याचे दिसतील. तो मूळ फाइल मागवूनच छापावा. आणि लॅबमध्ये ‘भाऊ, मॅट द्या’ म्हणायला विसरू नये, कारण हा फोटो सगळे बोट ठेवून बघतात.

या समूहफोटोवर जेवढी मेहनत कराल तेवढी थोडी. ट्रेसिंग पेपरचा तुकडा फोटोएवढा कापा, वरच्या कडेला पट्टीने असा लावा की तो पडद्यासारखा उचलता येईल. फोटोवर ठेवून नव्हे, तर साध्या प्रिंटवर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा, कारण पेन्सिलीचा दाब मूळ फोटोवर उमटतो. डोक्यांवर आकडे, खाली आकड्यापुढे नाव आणि गाव. हे काम परतल्यावर आठवड्याच्या आत झालं पाहिजे. महिनाभराने ‘अमरावतीचे काका, तेच ते, मफलरवाले’ एवढंच उरतं आणि फोटोत मफलरवाले पाच असतात. सभासदांची फोन नंबरांची यादी मात्र वहीत लावू नये. वही दहा हातांतून फिरते.

बिल्ल्याची पिन गंजते आणि तिचा तपकिरी डाग चार पानं आरपार जातो, म्हणून पिन काढून टाकावी. निघत नसेल तर फ्रेमवाल्याकडचा माउंट बोर्ड बिल्ल्याच्या आकाराचा कापून त्या खाचेत बिल्ला बसवावा. सनबोर्ड वापरू नका, तो पीव्हीसीचा असतो. गळ्यातली रिबीन पूर्ण ठेवायचा मोह आवरून छापील नाव येईल एवढी तीन इंच कापून घ्यावी.

सागाचं पान हवंच असेल तर रस्त्याकडेचं घ्या. पेंच व्याघ्र प्रकल्पात सिल्लारी गेटच्या आतलं पान किंवा पीस उचलायला कायद्याने मनाई आहे. पान वर्तमानपत्रात दाबताना पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. पुढे दोन-तीन आठवडे वजनाखाली.

एवढं सगळं भरलं की वही आ वासते. पानं जाड होतात, पाठ तेवढीच राहते. शिवलेली वही असेल तर दर दोन पानांमध्ये शिवणीपाशी त्याच कागदाची इंचभर पट्टी घालावी, म्हणजे पाठही तेवढीच जाड होते. स्क्रूवाला अल्बम घेतला तर ही कटकट नाही, पानं मागेपुढेही करता येतात. स्पायरल दिसायला सोपं, पण त्याच्या तारेत पान अडकून फाटतं. वीस पानांवर जाऊ नये, दुसरी वही करावी.

वही कपाटात आडवी ठेवावी, धुतलेल्या मांजरपाटाच्या बासनात. माळ्यावर नको, स्लॅब तापतो. पावसाचं पाणी झिरपणाऱ्या भिंतीला लागूनही नको. डांबराच्या गोळ्या पाकिटांच्या प्लास्टिकला बाधतात, त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी वही एकदा चाळावी. कसरीला न हलणारी वही फार आवडते.

आणि शेवटची चार पानं कोरी सोडा. अधिवेशनाचे सगळ्यांत चांगले फोटो ज्याच्या कॅमेऱ्यात असतात तो माणूस ते पुढच्या अधिवेशनाची नोंदणी सुरू झाल्यावरच पाठवतो.