पूर ओसरल्यावर टीसीएल कशी टाकावी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पण नदीकाठच्या गावांत आरोग्य सेवक आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारा माणूस) यांचं खरं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. 'पावडर टाकली' अशी वहीत नोंद झाली म्हणून पाणी शुद्ध होत नाही.

आधी पावडर तपासा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. ढेकळं झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर विहिरीत टाकणं म्हणजे निव्वळ चुना टाकणं. पोतं उघडलं की पावडर झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. लोखंडी कपाटात ठेवू नका, कपाट गंजतं.

आता हिशेब. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, ४ ने भागा. उत्तराला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम म्हणजे ७० ग्रॅम पावडर पुरते, पुरानंतर दुप्पट, १४० ग्रॅम. पावडरीत २० टक्केच क्लोरीन उरला असेल तर तेच काम करायला २३० ग्रॅम लागते. गढूळ पाण्यात तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, म्हणून शक्य तिथे विहीर आधी उपसून गाळ काढावाच.

पावडर कोरडी भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात ती खिरीसारखी कालवा, गुठळ्या मोडा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका. त्यानंतर पूर्ण एक तास पाणी उपसायचं नाही. रात्री टाकलेली सर्वांत बरी.

नळाच्या टाकीच्या बाबतीत नेमकी या तासभर थांबण्यातच चूक होते. मोटर चालू, व्हॉल्व्ह उघडा आणि त्यातच द्रावण ओतलं जातं. पहिली गल्ली वासाने हैराण होते आणि शेवटच्या गल्लीला काहीच मिळत नाही.

म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला याची तपासणी, टाकीखाली नव्हे, शेवटच्या नळाला करा. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका आणि पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पट्टीशी ताडून बघा. उशीर केला तर संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. साथीच्या दिवसांत ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) क्लोरीन दिसायला हवा. ऑर्थोटोलिडीनचं द्रावण घातक आहे. हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी गटारीत ओता.

टाकीजवळ पिवळा आणि शेवटी बिनरंगी आला, तर पावडर वाढवण्याआधी टाकीपासून एकेक नळ तपासत पुढे जा. शेवटचा पिवळा नळ आणि पहिला बिनरंगी नळ यांच्यामध्ये पाइप गटारीतून कुठे जातो ते बघा. पाणी बंद झालं की फुटक्या जोडातून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. त्या जागी खणायला माणूस त्याच दिवशी लावा.