‘पायर’: हरलात तरी सेव्ह लोड करू नका
‘सुपरजायंट गेम्स’चा ‘पायर’ (२०१७) हा तीन-तीन गड्यांचा, गोळा प्रतिस्पर्ध्याच्या अग्निकुंडात नेऊन ते विझवण्याचा व्हिडिओ गेम खेळताना हमखास होणारी चूक म्हणजे गोळा हाती आला की थेट समोरच्या अग्निकुंडाकडे धाव घेणं. गोळा धरला की अंगाभोवतीचं वलय जातं. मग प्रतिस्पर्ध्याच्या वलयाला नुसतं शिवलं तरी गडी बाद. तिघांपैकी एका वेळी एकच हलतो, म्हणून आधी पास, मग पळापळ. गड्यांपैकी रुकी चपळ, पण कुंडाचं नुकसान कमी करतो. जोडारिएल संथ, पण तिची उडी जबर बसते. उडी मारणारा पुढच्या गोलापर्यंत बाहेर, हे धरूनच क्रम लावा.

आणि हरलात तर कृपया सेव्ह लोड करू नका, म्हणजे आधी साठवलेल्या टप्प्यावर परत जाऊन सामना पुन्हा खेळू नका! कथा पुढे सरकतेच. मुक्तीचा, म्हणजे हद्दपारीतून सुटकेचा सामना जिंकलात तर आपला एक तयार गडी कायमचा जातो, हरलात तर समोरचा सुटतो. म्हणून राखीव गड्यांनाही सुरुवातीपासून खेळवा.