उपवासकाळ आणि रोखीची बोली

22 फेब्रुवारी 2026, रविवार

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला रविवार. दरवर्षी या दिवशी चर्चमध्ये सैतानानं येशूला घातलेल्या मोहाचंच शुभवर्तमान वाचतात, यंदा मत्तयचं. दगडांच्या भाकरी, मंदिराच्या शिखरावरून उडी, डोंगरावरून दाखवलेली राज्यं. वसईत मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बसलेल्या निम्म्या लोकांना ते पाठ असेल. आज माझ्या डोक्यात बाबांची वाडी होती, त्यामुळे तिसरा मोह कानात अडकून बसला. सैतान येशूला काही भलतंसलतं देऊ करत नाही. राष्ट्रं त्याची होणारच आहेत, बायबलमधल्या दुसऱ्या स्तोत्रात तसं वचनच आहे. सैतान म्हणतो ते एवढंच, की क्रूस कशाला, माझ्या पाया पड आणि आजच घेऊन टाक.

वाडीचं असं आहे. विहिरीकडचा तुकडा विकायचं आम्हा भावंडांचं ठरलंय. दादाच्या अंगावर कर्ज, माझ्या लेकीची नर्सिंगची फी. गिऱ्हाईक मिळेना म्हणून आईनं नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली. ती संपते न संपते तोच एजंट निरोप घेऊन हजर. भाव चांगला, अट एकच: काही रक्कम चेकनं, बाकीची रोख, आणि करारात फक्त चेकचा आकडा. चहाची बशी बाजूला सारून त्यानं लाइटबिलाच्या मागं दोन आकडे लिहिले. आमचे बघून झाले तसा तेवढा कोपरा फाडून खिशात घातला. जाताना म्हणाला, "ताई, सीएला एवढं सगळं सांगत बसू नका."

दादा म्हणाला, "बघ, देवानं ऐकलं."

मला खरी भीती या वाक्याची वाटते. व्यवहार बेकायदा आहे हे कळायला देव लागत नाही. जमिनीच्या सौद्यात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही, आणि घेतली तर घेतली तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला, म्हणजे आम्हाला. शिवाय रेडीरेकनर, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, बाजारभावाच्या खूप खाली असेल तिथंच ही चलाखी चालते, कारण स्टँप ड्युटी करारातला आकडा आणि सरकारी दर यांत जो जास्त असेल त्यावर भरावी लागते. हे सगळं दादालाही माहीत आहे. पण नोव्हेना आणि गिऱ्हाईक एकाच आठवड्यात आले की माहिती मागं पडते.

बायबलमधल्या दावीदपुढंही असाच योग आला होता. एन-गेदीच्या गुहेत तो माणसांसह लपलेला, आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल नेमका त्याच गुहेत एकटा शौचाला येतो. सोबतचे म्हणतात, देवानं सांगितलेला दिवस तो हाच. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. राज्य दावीदलाच मिळायचं होतं. पण योग जुळून आला म्हणजे देवाची परवानगी मिळाली, असं त्यानं धरलं नाही. झग्याचा काठ तेवढा कापला, आणि त्याचंही त्याला लागून राहिलं.

योग कुणाकडून आलाय हे ओळखायचं कसं, यावर संत इग्नेशियसचा एक नियम मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. हा मूळचा शिपाईगडी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय फोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या तो स्वतःच्या मनातल्या हालचाली बघायला शिकला. तो म्हणतो, सैतान फसव्या प्रियकरासारखा वागतो. पोरीला फूस लावणाऱ्याला एकच धास्ती, तिनं बापाला सांगितलं तर! म्हणून जे गुपित ठेवायला सांगितलं जातं तेच जाणत्या माणसापुढं उघडं करायचं. एजंटचं ते सीएबद्दलचं वाक्य मला त्यानंतर वेगळंच ऐकू यायला लागलं.

आता आमच्याकडे काहींची दुसरीच तऱ्हा. सोपं दिसलं की ते सैतानाचं, आणि जितका त्रास तितकं पुण्य. हे मला पटत नाही. जागा विकून झालेला नफा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत घातला तर 50 लाखांपर्यंत त्यावर कर लागत नाही. पैसे पाच वर्षं अडकतात, इतकंच. हाही जवळचाच रस्ता, पण तो रिटर्नमध्ये लिहिता येतो. त्यात मला पाप दिसत नाही. दादाची गोष्ट निराळी, त्याला पैसे आत्ता हवेत. त्यानं आपल्या वाट्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर भरावा आणि मोकळं व्हावं.

संध्याकाळी हे त्याला सांगितलं. तो चिडला. "तुझ्या इग्नेशियसला हप्ता नव्हता," म्हणाला. खरंच नव्हता. दादाला रात्री झोप लागत नाही हे मला माहीत आहे, आणि त्याच्यापुढं दावीदचे दाखले देणं सोपं आहे हेही. म्हणून ठरवलं, दोन हप्ते मी भरेन, लेकीच्या फीचं कॉलेजशी बोलेन, आणि एजंटला सांगू की सगळी रक्कम बँकेतून. भाव खाली येईल. त्यानं फोनवर तसं सुचवलंच आहे.

दादानं हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. उद्या सीएकडे बरोबर येतोय. आईनं नवी नोव्हेना धरलीय, या खेपेला गिऱ्हाईक चेकवालं पाठव असं स्पष्ट सांगून.