बारा पायांचा नव्हे

मागच्या आठवड्यात चारा बारीक कापणाऱ्या कुट्टी मशीनच्या पात्यांची धार गेली, आणि धार लावणारा पारोळ्याला लग्नात अडकला. दोन दिवस म्हशींना दादर ज्वारीचा कडबा अख्खाच टाकला. त्यांनी वरची पानं ओरबाडली, धांडं गव्हाणीत तशीच ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर. दूधही उतरलं.

तेव्हा मला कलकत्त्याचा बारापासॉरस नावाचा डायनासोर आठवला.

पोरगा तिकडे नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या भूविज्ञान संग्रहालयात त्यानं नेलं. आकडेमोड शिकवणाऱ्या संस्थेत डायनासोर कशाला, हे मला आधी कळेना. संस्था काढणाऱ्या महालनोबिसांनी तिथं जीवाश्मांचा विभागही उभा केला होता. 'बारापासॉरस टागोराय' हे नाव वाचून मी सांगाड्याचे पाय मोजायला लागलो. चारच. पोरगा हसला. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. पुढचं 'टागोराय' हे रवींद्रनाथांचं, कारण खोदकाम चाललं ते 1961 हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. नाव मात्र 1975 साली ठेवलं. मांडीचं हाड 1.7 मीटर, म्हणजे माझ्याहून चार बोटं उंच.

हाडं सापडली ती आपल्या गडचिरोलीच्या सिरोंच्याला लागून, गोदावरीपलीकडे तेलंगणात. तीनशेच्या आसपास हाडं, निदान सहा जनावरांची, आणि त्यांच्यात दगड झालेले झाडांचे मोठमोठे बुंधे. पुरात कळपच्या कळप वाहून गेला असावा, असं म्हणतात. डोकं सापडलं नाही. सांगाड्यावर बसवलंय ते माणसांनी अंदाजानं घडवलेलं. दात तेवढे सापडले, चमच्यासारखे, कडेला जाड दाते असलेले.

मी त्या दातांपाशी अडकलो. लोक लांबी बघतात, मी गोठेवाला, मी दाढ बघतो. आणि दाढच नाही! चमच्यानं पाला ओरबाडायचा आणि गिळायचा, बस. म्हैस दिवसाचे सहा-सात तास नुसतं रवंथ करते, तेव्हा कुठं कडब्याचं दूध होतं. एवढ्या चौदा मीटरच्या धुडानं चावत बसायचं ठरवलं असतं तर दिवस पुरला नसता. शिवाय चावायला मोठा जबडा लागतो, जबड्याला मोठं डोकं, आणि जड डोकं लांब मानेच्या टोकाला कोण पेलणार? चावणं सोडलं म्हणून डोकं लहान राहिलं, म्हणून मान लांबली. मग जागेवर उभं राहून मान फिरवली की आजूबाजूचा सगळा पाला तोंडात. पाऊल टाकायचं काम कमी.

बरं, मग कुटायचं कोणी? कोंबडीसारखे पोटात खडे ठेवून दळत असतील, असं पूर्वी मानायचे. आता अभ्यासक तसं मानत नाहीत. चारा नुसता पडून राहायचा आणि पोटातले जंतू तो आंबवायचे. आमच्या गोबरगॅससारखं. टाकीत शेण ढवळलं नाही तरी चालतं, टाकी मोठी हवी आणि दिवस द्यायला हवेत. मोठं पोट हीच त्याची कुट्टी मशीन.

खायला काय होतं म्हणाल तर गवत नव्हतं. फुलं येणारं एकही झाड नव्हतं. नेचे, सायकस, सूचिपर्णी आणि ओलीच्या कडेला अश्वपुच्छ नावाची कांड्याकांड्यांची वनस्पती. असल्या चाऱ्यावर कोण जगणार, असं मलाही वाटलं. पण 2008 साली जर्मन संशोधकांनी मेंढीच्या पोटातलं पाणी घेऊन त्यात या जातींचा पाला आंबवून पाहिला. अश्वपुच्छ झकास आंबलं. (आमच्या पशुखाद्याच्या पोत्यांवर असा प्रयोग कोणी करेल तर बरं.) गवत फार पुढं आलं. चंद्रपूरच्या पिसदुऱ्यात डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे कण सापडले, 2005 साली ते जाहीर झालं. पण ते शेण आपला काळा पाषाण लाव्हा होऊन ओतला गेला त्या सुमाराचं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. बारापा त्याच्याहून दहा-बारा कोटी वर्षं जुना. आमच्या विहिरीत साठ फूट सुरुंग लावले तरी पाषाणच लागला, त्याच्या खाली काय निजलंय ते देव जाणे.

हे सगळं मी त्या दोन दिवसांत गोठ्यात बसून मायला सांगितलं. मायचं वय पंच्याऐंशी, म्हशींवर जीव. तिनं मोबाईलवरचा फोटो लांब धरून बघितला.

"याले चारा कितला लागे रे?"

"लई लागे, माय."

"आनि दूध?"

"दूध नही. अंडा दे ते."

ती फोटोकडे बघत राहिली. "मंग कोंबडी म्हन ना. कोंबडी बी चावस नही."