अबुजातलं भाषण आणि जूनची किंमतपत्रिका

२९ मे २०२३, सोमवार. नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांच्या शपथविधीसाठी नायजेरियाभर सुट्टी होती, पण लागोसमधल्या आमच्या हिशोबखात्यात टीव्ही सुरू होता. धंदा रिक्षा-मोटरसायकलच्या सुट्या भागांचा. माल बहुतेक भारतातून येतो, आपापा बंदरात उतरतो. घ्यायचा डॉलरमध्ये, विकायचा नायरात. महिनाअखेरीला पुढच्या महिन्याची किंमतपत्रिका काढणं माझ्याकडे. जूनची पत्रिका त्यांच्या शपथविधीच्या भाषणासाठी अडवून ठेवली होती.

लिहून आणलेल्या मसुद्यात इंधन अनुदानाचा उल्लेख बेताचा होता: मावळत्या सरकारने अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, त्याचं कौतुक, वाचलेला पैसा रस्ते, शिक्षण, आरोग्य, रोजगाराकडे वळवू, वगैरे. राजधानी अबुजातल्या ईगल स्क्वेअरच्या व्यासपीठावरून टिनुबू मात्र सरळ म्हणाले, इंधनावरचं अनुदान संपलं. तारीख नाही, टप्पे नाहीत.

कागदोपत्री यात नवं काही नव्हतं. मावळते राष्ट्राध्यक्ष बुहारी यांच्या सरकारच्या २०२३च्या अर्थसंकल्पात अनुदानाची तरतूद जूनअखेरपर्यंतचीच होती, ३.३६ लाख कोटी नायरांची. प्रचारात टिनुबू आणि त्यांचे प्रतिस्पर्धी अतिकू अबुबकर व पीटर ओबी या तिघांनीही अनुदान काढायचं जाहीर केलं होतं. तरी बाजाराचा अंदाज होता की टिनुबू दमाने घेतील. मतं ३७ टक्क्यांहून कमी, निवडीला न्यायालयात आव्हान, आणि स्वतःचं लागोस राज्यही ओबींनी जिंकलेलं.

संध्याकाळपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. याला नुसती साठेबाजी म्हणणं सोपं आहे, पण पंपवाल्याचं गणित बघा. टाकीतलं पेट्रोल त्याने जुन्या दराने घेतलेलं. आज ते लागोसच्या १८५ नायरांच्या भावाने विकलं, तर हातात येणाऱ्या पैशात पुढचा टँकर अर्धासुद्धा भरणार नाही. नवा दर किती, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मग तो पंप बंद ठेवतो. ३१ मे रोजी सरकारी तेल कंपनी एनएनपीसीची नवी यादी आली: लागोसला ४८८, अबुजाला ५३७, दूर ईशान्येला मैदुगुरीत ५५७. यादी आल्यावर पंप उघडले.

आमच्याकडे पहिली धावपळ झाली ती कंटेनरच्या वाहतूक खर्चावरून, आणि ती अनाठायी होती. ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेलचा भाव इथे आधीपासूनच खुला आहे. अनुदान होतं ते पेट्रोलला. म्हणजे फटका आमच्या खर्चाला नव्हता, आमच्या गिऱ्हाइकाला होता. पिवळी रिक्षा पेट्रोलवर चालते. दिवसाला ८ लिटर धरले तर १,४८० नायरांचा खर्च ३,९०४ वर गेला. बहुतेक चालकांची रिक्षा हप्त्यावर, मालकाला ठरलेली रक्कम द्यायचीच. भाडं वाढवलं की माणसं चालत जातात. तेव्हा उरतो तो दुरुस्तीचा पैसा, आणि चालक तोच वाचवतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल या गोष्टी थोड्या उशिरा का होईना घ्याव्या लागतात. पिस्टन किट मात्र लांबणीवर पडतं. पत्रिकेत आम्ही पहिला बदल हा केला: झिजणाऱ्या भागांचा साठा तसाच, इंजिनच्या भागांची मागणी निम्मी.

टिनुबूंची जुनी भूमिका आठवली की मौज वाटते. जानेवारी २०१२मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी हेच अनुदान काढलं, पेट्रोल ६५ वरून १४१ नायरांवर गेलं आणि देश रस्त्यावर उतरला. तेव्हा एसीएन या विरोधी पक्षाचे नेते असलेल्या टिनुबूंनी निवेदन काढून, राष्ट्राध्यक्षांनी जनतेशी असलेला सामाजिक करार मोडला असं सुनावलं होतं. अखेर भाव ९७ वर आणावा लागला. पुढे २०१३मध्ये एसीएनसह काही पक्ष एकत्र येऊन एपीसी हा टिनुबूंचा आताचा पक्ष झाला आणि २०१५ला सत्तेत आला. एपीसी स्वतःला पुरोगामी म्हणवतो. जोनाथन यांच्या पीडीपी पक्षाशी त्याचा आर्थिक धोरणाचा फरक शोधायला बसलं तर दिवस जाईल. पुढारी इकडून तिकडे जातात आणि जाहीरनामा तिथेच राहतो.

मला विचाराल तर टिनुबूंना जाहीरनाम्यातून नव्हे, लागोसच्या तिजोरीतून वाचावं. शिक्षण हिशोबशास्त्राचं, शिकागोत. नंतर मोबिल कंपनीच्या नायजेरियातल्या शाखेत नोकरी. १९९२ला लागोस वेस्टमधून सिनेटर. १९९३ला जनरल सानी अबाचांनी सत्ता घेतल्यावर लोकशाही चळवळ आणि परदेशात आश्रय. १९९९ ते २००७ लागोसचे गव्हर्नर. नायजेरियात बहुतेक राज्यं महिन्याच्या महिन्याला अबुजातून वाटल्या जाणाऱ्या तेलाच्या पैशावर जगतात. लागोसने त्यांच्या काळात स्वतःची करवसुली उभी केली. त्यांनी ३७ नव्या स्थानिक परिषदा निर्माण केल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबासांजोंच्या केंद्र सरकारने लागोसच्या परिषदांचा निधी रोखला. असा निधी रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये दिला. तरी थकलेला पैसा पूर्ण सुटायला सरकार बदलावं लागलं. आणि २०२४मध्ये याच टिनुबूंच्या केंद्र सरकारने ३६ राज्यांना न्यायालयात खेचलं, स्थानिक परिषदांचा पैसा गव्हर्नरांच्या हातून काढून थेट परिषदांना मिळावा म्हणून. खटला जिंकलासुद्धा. खुर्ची बदलली की नळाचं दुसरं टोक हातात येतं. अनुदानही तसंच: एनएनपीसी ती रक्कम आधी कापून घ्यायची आणि केंद्र-राज्यांच्या वाटणीत तेवढा पैसा कमी यायचा.

म्हणून भाषणातलं आणखी एक वाक्य आम्हाला अनुदानाच्या वाक्याइतकंच महत्त्वाचं वाटलं: मध्यवर्ती बँकेने विनिमयाचा एकच दर आणण्याच्या दिशेने काम करावं. टाळ्या त्याला कमी पडल्या. तेव्हा अधिकृत डॉलर ४६५ नायरांच्या घरात, रस्त्यावरचा, म्हणजे काळ्या बाजारातला, साडेसातशेच्या आसपास. आयातदार बँकेत फॉर्म एम हा आयातीचा अर्ज भरायचा, पतपत्र, म्हणजे बँकेची पैसे देण्याची हमी, उघडायचा आणि अधिकृत दराच्या डॉलरसाठी रांगेत थांबायचा. डॉलर मिळायला महिने लागायचे. माल मात्र त्याआधी यायचा आणि विकलाही जायचा. धोका नेमका इथे होता. समजा ५०,००० डॉलरचा कंटेनर ४७० चा दर धरून विकला, म्हणजे २ कोटी ३५ लाख नायरा खर्च धरला. देणं भागवताना दर ६६५ झाला तर लागतात ३ कोटी ३२ लाख ५० हजार. वरचे साडेसत्याण्णव लाख कोणाकडून घ्यायचे?

त्या रात्री पत्रिका तीन गटांत पाडली. डॉलर चुकता झालेला माल जुन्या भावाने. गोदामात आलेला पण देणं बाकी असलेला माल रस्त्यावरच्या दराने. वाटेवरचा माल भावाशिवाय, फक्त नोंदणी. विक्रेते चिडले, विशेषतः दुसऱ्या गटावरून, कारण शेजारचा दुकानदार तोच भाग स्वस्त देत होता.

९ जूनला मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर एमेफिएले निलंबित झाले. १४ जूनला दराचे वेगवेगळे कप्पे रद्द करून बाजार खुला केला गेला आणि अधिकृत नायरा एका दिवसात ४७० च्या आसपासवरून ६६० च्या पुढे घसरला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सीमाशुल्काचा हिशोबी दरही, म्हणजे जकात मोजण्यासाठी मालाची डॉलरमधली किंमत नायरात बदलायचा दर, ४२२ वरून ५८९ वर गेला. भारतातल्या बिलात एक पैसा न वाढता जकात सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. हा दर अनेक आयातदारांच्या हिशोबात नव्हता, कारण तो बँकेच्या दरापेक्षा कमी आणि महिनोन्‌महिने स्थिर असे. पुढे तोही बदलत राहिला. जुलैत अबुजात पेट्रोल ६१७ झालं. ऑगस्टपासून आमच्या पत्रिकेवर महिन्याचं नाव छापणं बंद झालं. त्याजागी तारीख आणि ‘आज संध्याकाळपर्यंत’ एवढंच असे.